बाईच्या हातचं बी

आमच्या घरात शेतीचा निर्णय आबा जाहीर करायचे आणि बाई घ्यायची. पेरणी कधी करायची, कुठल्या पट्टीत करडई टाकायची, कुठली गाय ठेवायची नि कुठली बाजारात न्यायची, हे सगळं रात्री चुलीपुढं ठरायचं आणि सकाळी पारावर आबांच्या तोंडून बाहेर पडायचं. गावाला वाटायचं, आबांचं शेतीतलं डोकं मोठं. आबांनाही बहुधा तसंच वाटायचं. बाईनं ते कधी खोडून काढलं नाही. "तोंड त्येंचं, काम माझं," एवढंच म्हणायची, तेही भांडण झालं तर.

बाई म्हणजे माझी आजी. माझे वडील, काका, दोन्ही आत्या तिला बाई म्हणत, म्हणून आम्ही नातवंडंही बाईच म्हणायचो. गाव मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीकडचं. बाईचं माहेर हद्दीपलीकडं, इंडी तालुक्यात. तिच्या बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचा आणि रागावली की सगळंच कानडी. आम्हाला शब्द कळत नसत. आपल्यालाच उद्देशून चाललंय, एवढं मात्र बरोबर कळायचं.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण ज्यांनी ते पीक कधी पाहिलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. रब्बीची ज्वारी पावसात वाढत नाही, पाऊस सरल्यावर वाढते. भाद्रपद-आश्विनापर्यंत काळ्या रानानं जेवढं पाणी पिऊन ठेवलं, तेवढ्यावर पुढचे चार महिने काढायचे. त्यामुळं निम्मी शेती पेरणीच्या आधीच होऊन गेलेली असते. पावसाळाभर रान रिकामं ठेवायचं, तण उगवलं की कुळवाची पाळी घालायची, पुन्हा पाऊस, पुन्हा पाळी. वरची माती भुसभुशीत राहिली की खालची ओल उडत नाही. आबांना हे रिकाम्या रानात बैल फिरवणं जिवावर यायचं. बाई एक पाळी चुकू द्यायची नाही. पुढं पीक उभं राहिल्यावर ओळींमधली माती हलवायची, त्या कोळपणीचंही तेच. "एक कोळपणी म्हंजी अर्धं पाणी" हे आमच्याकडं सगळेच म्हणतात. तिसरी कोळपणी मात्र सगळे करत नाहीत. भेगा पडायला लागलेल्या असतात, थंडी असते, कंटाळा आलेला असतो. बाईच्या रानात तिसरी कोळपणी व्हायचीच. दातेरी कोळप्यानं भेगा बुजवून घ्यायची, आणि कोळप्यामागून चालताना एखादी राहिली तर पायानं माती लोटायची.

पेरणीला लोकांची घाई असते. उत्तरा नक्षत्रात बरा पाऊस झाला की पाभरी, म्हणजे पेरणीची अवजारं, बाहेर पडतात. शेजाऱ्याची पेरणी सुरू झालेली दिसली की आबांच्या पायाला मुंग्या यायच्या. बाई खुरपं घेऊन रानात जायची, वीतभर उकरायची, खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर वापसा आला, म्हणजे रान पेरणीजोगं झालं. चिकटून राहिला तर अजून दोन दिवस. गोळाच झाला नाही तर पेरणीचं नाव काढायचं नाही, मग हस्ताची वाट बघायची. ती माती ती घरी पदरात घेऊन यायची नि आबांच्या पुढ्यात ठेवायची. वाद तिथं संपायचा.

त्या काळी आमच्याकडं बाईमाणसानं चाड्यावर मूठ धरायची नाही, असा समज होता. बायकांनी पाभरीच्या मागं दोरीनं बांधलेल्या नळीतून करडईचं बी सोडत चालायचं, चाडं पुरुषानं धरायचं. एका साली ऐन पेरणीत विळ्यानं आबांचा हात कापला. वापसा दोन दिवसांचा, गावात जो तो आपापल्या रानात. बाईनं पदर खोचला आणि चाड्यावर मूठ धरली. चाडं म्हणजे पाभरीच्या वर बसवलेली लाकडी वाटी. तिला तळाशी भोकं असतात आणि प्रत्येक भोकातून एक नळी खाली फणापर्यंत गेलेली असते. मुठीतलं बी त्या सगळ्या भोकांवर सारखं सुटावं लागतं. एकीकडं जास्त गेलं की एका तासात, म्हणजे ओळीत, दाटी आणि दुसऱ्यात तुटाळ. बैल थबकले की मूठ आवळायची, चालले की सैल सोडायची, वळणावर पूर्ण बंद. हे मी नंतर पुष्कळदा जवळून पाहिलंय. बाईची चार बोटं जागच्या जागी असायची आणि अंगठा तेवढा हलत राहायचा, तपकीर चिमटीत घोळवावी तसा. त्या साली उगवण झाल्यावर गावातली दोघं-तिघं बांधावरून बघून गेली म्हणे. तुटाळ नव्हती. त्यानंतर आबांचा हात बरा झाला तरी चाडं बाईकडंच राहिलं. कुणी विचारलं तर आबा सांगायचे, "हात अजून दुकतोय." तो हात पुढं पंधरा-वीस वर्षं पेरणीच्या दिवसांत नेमानं दुखत होता.

बियाण्याची निवड हा तर तिचाच प्रांत होता. ज्वारी काढणीला येण्याआधी काही दिवस ती एकटीच पिकात शिरायची. जुन्या लुगड्याच्या चिंध्या कमरेला खोचलेल्या. कणीस फार गच्च नको, कारण आत अळी नि बुरा धरतो, आणि फार मोकळंही नको. दाणा टपोरा, पांढरा, चकाकणारा. पण कणसाआधी ती ताट बघायची. ताटाला गुडघ्यानं हलका धक्का द्यायची. आमच्याकडं ज्वारीला खडखड्या नावाचा रोग येतो. ओल कमी पडली की ताट बुडातून पोकळ होतं, हलवलं की कोरडं वाजतं आणि वारा आला की लोळतं. वरचं कणीस कितीही देखणं असलं तरी वाजणारं ताट बाईच्या निवडीत बसायचं नाही. पसंत पडलं त्या ताटाला चिंधी. काढणीला आलेल्या मजुरांना ठाऊक असायचं, चिंधीच्या ताटाला हात लावायचा नाही. ती बाई स्वतः काढायची.

ती कणसं चुलीच्या वरच्या आढ्याला टांगली जायची. वर्षभर धूर खाऊन काळपट व्हायची, किडा लागायचा नाही. पेरणी जवळ आली की खाली उतरवून बडवायची, पाखडायची, निवडायची आणि मग गंधक चोळायची. गंधक काणीसाठी. काणी पडली की दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. ही गोष्ट तिला कुणा कृषी सहायकानं कधीतरी सांगितली होती आणि तिनं ती पटकन उचलली. जुनं ते सोनं असं तिचं अजिबात नव्हतं. संकरित ज्वारी आली तेव्हा तिनं तीही एका पट्टीत पेरून पाहिली होती. दाणा भरपूर आला, कडबा जनावरांनी हुंगून सोडून दिला, भाकरी दुपारपर्यंत वातड. पुन्हा पेरली नाही. आमची घरची ज्वारी मालदांडीच. मोहोळच्या संशोधन केंद्रानं याच स्थानिक मालदांडीतून निवड करून एम 35-1 हा वाण काढला, जो आजही रब्बी पट्ट्यात पेरला जातो. शास्त्रज्ञांनी जे केलं तेच बाई आढ्याखाली करत होती, असं मी म्हणणार नाही. त्यांनी हजारो ताटं मोजली, नोंदी ठेवल्या. बाईकडं चिंध्या होत्या. पण दिशा तीच होती.

गावातले लोक तिच्याकडं बियाणं मागायला यायचे. सवाई-दिडीनं बी देण्याचा रिवाज होता, म्हणजे पायली न्यायची आणि पिकल्यावर सव्वा किंवा दीड पायली परत करायची. बाई सवाई घेत नसे. मात्र पायली परत येताना शीग लावून यावी लागे, काठोकाठच्या वर जेवढं धान्य राहील तेवढं. नेतानाही ती शीग लावूनच द्यायची. कुणी चलाखीनं हात फिरवून शीग पाडली तर पुढच्या वर्षी त्याला बी संपलेलं असायचं.

घरामागं पेव होतं. आता बुजवलंय, त्याच्यावर शौचालय आहे. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार, तोंड अरुंद, पोट मोठं. बुडाला आणि कडेनं भुसकट-कडबा लावून आत ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. उघडताना जपावं लागे. आत कोंडलेली हवा माणसाला मारते, म्हणून तोंड उघडून दिवसभर मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. कडेच्या ज्वारीला एक आंबूस, कुबट वास यायचा. तिची भाकरी मला नको व्हायची, आबांना तीच लागायची.

मंगळवेढ्याचं नाव निघालं की दामाजीपंत येतातच. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्यांना मोकळी केली आणि पुढं विठ्ठलानं महाराचं रूप घेऊन बेदरला पैसे भरले, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकलेली. बाईची दामाजीपंतांवर श्रद्धा होती, देवळात जायची. पण कीर्तन ऐकून आली की एकदा तरी पुटपुटायची, "पंतानी वाटलं खरं. पर ती पिकवलीती कुणी, त्येचं नाव कुनी घेत न्हाई."

आणि मग बहात्तर.

1972 चा दुष्काळ आमच्या घरात अजून बोलला जातो. माझे वडील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, धाकटी आत्या तान्ही. आदल्या वर्षीही पीक बुडालेलं. पेव रिकामं. आबा आणि बाई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, ती बाई निम्मी पदराला बांधून आणायची. रेशनला मिलो यायची, ती लाल अमेरिकन ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि खाल्ल्यावर पोटात दगड. विहिरीला थोडंफार पाणी होतं, पण खायला नव्हतं. घरात ज्वारी होती ती फक्त आढ्याला, बियाण्याची.

अशा गोष्टींत माणसं उपाशी राहतात आणि बी राखतात. मीही लहानपणी ही गोष्ट ऐकताना तसंच काहीतरी होईल म्हणून वाट बघत होते. बाईनं ते बी दळलं. धाकट्या आत्याला मिलो पचेना, हगवण लागली, पोर काडी झालं. बाईनं एका रात्री आढ्यावरची कणसं उतरवली, बडवली, जात्यावर भरडली आणि कण्या शिजवून पोरीला घातल्या. मग बाकीच्या पोरांना. काही दिवसांत आढं मोकळं झालं. आबांनी तिच्याशी बोलणं सोडलं, महिनाभर तरी. घरचं बी खाल्लं म्हणजे शेतकरीपण संपलं, असं त्यांचं म्हणणं. बाईचं उत्तर आमच्या वडिलांना अजून तोंडपाठ आहे. "पोरं ऱ्हायली तर बी मिळंल. बी ऱ्हाऊन पेरणार कोन हाय?"

1973 ला पाऊस चांगला झाला. पेरणीच्या तोंडावर बाई यष्टीनं आणि जिथं यष्टी नव्हती तिथं पायी, माहेरी गेली. काही वर्षांपूर्वी भाच्याच्या बारशाला जाताना तिनं ओटीत घालायला म्हणून भावजयीकडं दोन पायल्या आपलं बियाणं नेलं होतं. भावजयीनं ते विहिरीकडंच्या तुकड्यात पेरत ठेवलं होतं. दुष्काळ तिकडंही होता, पण त्या तुकड्याला थोडं पाणी मिळालं होतं. बाई गाठोडं डोक्यावर घेऊन परत आली. आज आमच्या रानात जी ज्वारी आहे ती त्या गाठोड्यातली. हे बी दोन घरांतल्या बायकांनी एकमेकींकडं ठेवल्यामुळं वाचलं, आणि दोन्ही घरांतल्या पुरुषांना त्याचा पत्ता नव्हता. भावजय वारली तेव्हा बाई अकरा दिवस तिकडं राहिली होती. सख्ख्या बहिणीला राहिली नव्हती एवढी.

आता तिचं कौतुक पुष्कळ झालं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप गोड होतो, म्हणून हेही लिहिते. बाई सासू म्हणून कडक होती. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा सात-आठ वर्षं तिला बियाण्याच्या कणसांना हात लावू दिला नव्हता. दूध आधी नातवांना, उरलं तर नातींना. मला चहात भागवावं लागे आणि ते मी अजून विसरलेले नाही. आईला बाळंतपणात माहेरी पाठवायचं की नाही यावरून जे झालं ते आईच सांगेल तर सांगेल. पाळीच्या दिवसांत रानात उभ्या पिकातून जायला बंदी होती आणि त्यात बाईनं कधी सूट दिली नाही. स्वतः चाडं धरून एक बंधन मोडणारी बाई दुसऱ्या बंधनाची राखण करत बसायची. यात मला कुठं मेळ दिसत नाही, आणि तो नाही अशी तिची तक्रारही नव्हती.

तिचा स्वतःचा पैसा शेळ्यांचा आणि सरव्याचा. काढणी, मोडणी झाल्यावर रानात जी कणसं राहतात ती वेचायची, तो सरवा. आमच्या स्वतःच्या रानात मजूर बायका सरवा वेचायच्या आणि बाई दुसऱ्यांच्या रानात जायची. हे मला विचित्र वाटायचं. आपल्या रानातला सरवा आपण वेचू नये, तो गरजूचा, असा तिचा हिशेब, आणि दुसऱ्याच्या रानात गेल्यावर गरजू ती. शेळ्यांवर तर आबांचाही अधिकार चालायचा नाही. मी बारावीनंतर पुण्याला शिकायला जायचं म्हटल्यावर वडील गप्प होते, काका नको म्हणत होते. बाईनं त्या आठवड्याच्या बाजारात दोन बोकड विकले आणि पैसे आईच्या हातात दिले. माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. दूध न देणाऱ्या बाईनं वसतिगृहाचे पैसे दिले, आणि ही दोन्ही खाती मी वेगवेगळीच ठेवलीत.

2012 ला पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी उलटं होतं. रेशनला धान्य होतं, दुकानात सगळं होतं, प्यायला पाणी नव्हतं आणि जनावरांना वैरण नव्हती. टँकर यायचे. मंगळवेढा-सांगोल्याकडं चारा छावण्या उघडल्या. आमच्या दोन म्हशी, एक गाय छावणीत नेल्या आणि त्यांच्याबरोबर बाई गेली. सत्तरी ओलांडलेली. ताडपत्रीच्या सावलीत, जनावरांच्या ओळीत, शेजारच्या गावांतल्या अशाच म्हाताऱ्यांबरोबर ती कित्येक महिने राहिली. काका डबा पोचवायचे. छावणीत वैरण म्हणून ऊस यायचा. ऊस खाऊन जनावरांची तोंडं सोलायची, म्हणून बाई बसून विळ्यानं बारीक तुकडे करायची. मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "बहात्तरात माणसं खडीवर आनि जनावरं वाऱ्यावर हुती. आता जनावरांची सोय हाय. सुधारणा हाय की!" ती खरंच म्हणत होती की टोमणा होता, मला ठरवता आलं नाही. शेजारची म्हातारी हसली, म्हणजे टोमणा असावा.

आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. मग वारस नोंद आली. तोवर सातबाऱ्यावर बाईचं नाव कुठंही नव्हतं. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव जमिनीवर लावता येईल, अशी लक्ष्मी मुक्ती योजना 1992 मध्येच शासनानं आणली होती, त्याआधी शेतकरी संघटनेनं गावोगाव त्यासाठी मोहीमही केली होती. आमच्या घरात तो विषय कधी निघालाच नाही. आबा माणूस वाईट नव्हता, पण हात दुखतोय म्हणून चाडं बायकोला देणं वेगळं आणि कागद देणं वेगळं. आबा गेले आणि बाईचं नाव फेरफाराला चढलं. आयुष्यभर जी जमीन तिनं मुठीत दाबून पाहिली, तिच्या कागदावर यायला तिला विधवा व्हावं लागलं.

वारसांत दोन्ही आत्यांचीही नावं लागली. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून आहे. आणि तो हक्क मिळाल्या मिळाल्या सोडून द्यायचा रिवाजही तितकाच पक्का आहे. हक्कसोडपत्र तयार झालं. बाईनं काकांना विचारलं, "पोरींस्नी इचारलंय का?" काका म्हणाले, "त्या नको म्हणत्यात." मग बाईनं धाकट्या आत्याला समोर बसवून विचारलं. ज्या पोरीसाठी बी दळलं, तीच ही आत्या. ती म्हणाली, "भावासंगट वाईट कशाला व्हायचं, बाई? म्हायेर ऱ्हाऊ दे मला." बाई पुढं काही बोलली नाही. सह्या झाल्या. त्या वर्षापासून मात्र सुगी झाली की दोन्ही आत्यांच्या घरी दोन-दोन पोती ज्वारी पोचवायची, असं तिनं लेकांना बजावलं, आणि पोचली की नाही ते फोन करून विचारायची. ज्वारीची पोती म्हणजे जमीन नव्हे, हे तिला कळत होतं. मलाही कळतं. आत्या ती पोती ठेवून घेतात, आणि मी त्याबद्दल त्यांच्याशी बोलायला गेले की विषय बदलतात.

स्वतःचं नाव मात्र बाईनं काढू दिलं नाही. काका एकदा म्हणाले, तुझंबी हक्कसोड करून टाकू, पुढं परत फेरफाराची कटकट नको. बाई म्हणाली, "माझं असू द्या." एवढंच. त्याचा फायदा पुढं असा झाला की 2019 ला पीएम किसान योजना आली तेव्हा सातबाऱ्यावर नाव असलेली शेतकरी म्हणून तिलाही वर्षाला सहा हजार मिळायला लागले, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. आधार कार्डावर तिची जन्मतारीख 1 जानेवारी 1940 अशी आहे, तिच्या वयाच्या गावातल्या निम्म्या लोकांची असते तशी. म्हणजे ऐंशीच्या घरात सरकारदरबारी ती शेतकरी झाली. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की ती मला फोन लावून वाचायला लावायची. "माझं नाव हाय न्हवं त्येच्यात?" मेसेजमध्ये नाव नसायचं, खात्याचे शेवटचे आकडे असायचे. मी "हाय" म्हणायचे.

मग ई-केवायसी, म्हणजे यंत्रावर ओळख पटवून द्यायची सक्ती, आली आणि बाईचा अंगठा उमटेना. यंत्रावर अंगठा ठेवायची, लाल दिवा. पुसून ठेवायची, पुन्हा लाल. तेल लाव, लिंबू चोळ, लोकांनी सांगितलं ते सगळं केलं. अंगठ्याच्या रेषाच झिजल्या होत्या. खुरपं, विळा, खडीचा हातोडा, चाडं, काय काय म्हणून सांगायचं त्या केंद्रावरच्या पोराला. हप्ता अडकला. 2023 मध्ये चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय आली, तेव्हा काकांच्या मुलानं तिला अंगणात उन्हात बसवून मोबाइल समोर धरला. "डोळे मिचकाव, बाई." तिनं मिचकावले. हप्ता सुरू झाला. त्या दिवशी ती घरातल्या सगळ्यांना डोळे मिचकावून दाखवत होती.

2025 च्या फेब्रुवारीत बाई गेली. फार आजारी नव्हती, जेवण कमी झालं होतं. ज्वारी काढणीला आलेली. मजुरांच्या टोळीला उचल देऊन झाली होती आणि काढणी लांबवणं शक्य नव्हतं, म्हणून सुतकातच काम सुरू झालं. भावकीतल्या एक-दोघांनी नाकं मुरडली. तिच्या मृत्यूच्या नोंदीसाठी जो कागद भरला त्यात व्यवसायापुढं कुणीतरी 'घरकाम' लिहिलं होतं. वडिलांनी ते वाचलं आणि पेन मागून खोडून 'शेती' लिहिलं. खाडाखोड चालत नाही म्हणून नवा कागद आणायला लागला. वडील शांतपणे पुन्हा रांगेत उभे राहिले. त्यांना मी कुठल्या गोष्टीसाठी इतका हट्ट करताना पाहिलेलं नाही.

चिंध्या त्या वर्षी कुणी बांधल्या नव्हत्या. बाईच्या आजारपणात राहून गेलं. मजुरांनी सगळं रान सरसकट काढत आणलं होतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आई रानात गेली आणि शेवटच्या पट्टीत उभ्या असलेल्या ताटांतून जमतील तेवढी निवडून आणली. गुडघ्यानं धक्का देऊन बघत होती, असं काकूनं मला सांगितलं. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. आठ वर्षं लांबून बघत होती.

रानात आता अर्ध्याहून जास्त डाळिंब आहे. ज्वारी उपटून काढायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि भाव चांगला असला तरी कष्टाच्या मानानं डाळिंब सोपं, असं काका म्हणतात. डाळिंबावर तेल्या रोग आला की हेच काका डोक्याला हात लावून बसतात, पण ते असो. त्यांनी गेल्या हंगामात फुले वसुधा या वाणाची पिशवी आणली. राहुरीच्या विद्यापीठाचा वाण, भारी जमिनीसाठीचा. आईनं निम्म्या पट्टीत तो पेरला, निम्म्यात घरचं बी. वसुधाला उतारा जास्त पडला. कडबाही जनावरांनी खाल्ला. भाकरी मी खाऊन पाहिली, चांगली झाली होती, आणि हे बाईसमोर बोलायची माझी हिंमत झाली नसती. काकांचं म्हणणं, मग कशाला दोन-दोन भानगडी, एकच पेरू. आई नाही म्हणाली. उतारा चांगल्या पावसाच्या वर्षाचा बघितलाय, कमी ओलीच्या वर्षी दोन्ही शेजारी शेजारी बघितल्याशिवाय ती काही ठरवणार नाही. आणि तोवर आढ्यावरची कणसं उतरणार नाहीत. आढं म्हणजे आता गॅसची शेगडी असलेल्या स्वयंपाकघराचा स्लॅब आहे, त्याला हूक मारलाय आणि धूर नाही म्हणून कणसांबरोबर कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्यात.

धाकट्या आत्यानं यंदा पायलीभर बी मागून नेलं. तिच्या दिराच्या रानात एक तुकडा पडून आहे, तिथं टाकणार म्हणते. आईनं पायली शीग लावून दिली.

परवा आईचा फोन आला होता. पाऊस बरा आहे, वापसा आठवडाभरात येईल, येताना गंधक घेऊन ये, तीनशे मेशचं, इथल्या दुकानात संपलंय. किती आणू विचारलं तर म्हणाली, किलोला चार ग्रॅम लागतं, तूच हिशेब कर, दोन्ही बियांना पुरेल एवढं आण.